मार्चचा संगीतकार

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, जपानमधल्या उरायासूत मुलीच्या शाळेच्या क्रीडादिनी, माइकपाशी आम्ही तिघं होतो: मुख्याध्यापक, वेळ नोंदणारा मी आणि तबकड्या लावायला आलेले, पांढरे हातमोजे घातलेले एक अनोळखी जपानी आजोबा. संचलनाला सोव्हिएत लष्कराचा मार्च होता. रणगाड्यांसाठी रचलेली ती धून पहिलीच्या मुलांच्या पावलांनाही नीट बसत होती.

आजोबांनी आधीच विचारलं होतं, "संगीतकाराचं नाव सांगू का? त्याला कोणी ओळखत नाही."

"जरा अवघड आहे," मुख्याध्यापक हसून म्हणाले. इथे याचा अर्थ 'नाही' असा होतो. नावाला चार सेकंद लागले असते. नगरसेवकांच्या भाषणाला अकरा मिनिटं दिली होती.

आजोबा तबकडी पुसत मला म्हणाले, "फौजेसाठी लिहिलं की नाव फौजेचंच होतं."

दुपारी माइकवर वाचायला हरवलेल्या वस्तूंची यादी आजोबांच्या हाती आली. पाण्याची निळी बाटली आणि दोन टोप्या वाचून त्यांनी त्याच सुरात पुढे म्हटलं, "आणि सकाळच्या मार्चचा संगीतकार." मग पूर्ण नाव दोनदा सांगितलं.

बाटली आणि टोप्या लगेच गेल्या. संगीतकाराला न्यायला कोणी येईना, तेव्हा मी उठलो आणि आजोबांकडून ते नाव कागदावर लिहून घेतलं.