पोटाचं दुखणं

आमच्याकडे बाईला कमरेखाली कुठलंच दुखणं होत नाही. जे होतं ते पोटाचं. त्यामुळे शौचाच्या वेळी माझं आतडं बाहेर यायला लागलं तेव्हा मालेगावच्या डॉक्टरांना माझ्या दिरांनी सांगितलं, "वहिनीले पोटाचा तरास हाये." मला कोणी विचारलं नाही. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात राहिले. आतडं आपल्या मर्जीनं येत-जात राहिलं.

पुढे नुसत्या खोकल्यानंही ते उतरू लागलं. किन्हीराजा गावच्या बहिणीकडे जाणं सुटलं. एसटीनं धक्का दिला तर ते परत आत सारायला आडोसा कुठला? जाणं सुटावं हे मात्र मला मान्य नव्हतं. माझं दुखणं सभ्य नाही म्हणून मी घरात बसायचं?

अकोल्याच्या सर्जनकडे दीर सोबत होतेच. ओळखीतला एकही पेशंट त्यांच्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. खांद्यावर उपरणं, कानाला फोन, "आपला मानूस हाये तिथं." तो माणूस बहुधा वॉचमन असतो.

"पोटाचं हाये," दिरांनी सुरुवात केली.

"पोटाचं नाही," मी म्हटलं. "शौचाच्या वाटेनं आतडं बाहेर येतं."

दीर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. डॉक्टरांनी तपासलं आणि मग त्या कॅलेंडर वाचणाऱ्या माणसालाच समजावू लागले. ऑपरेशन दोन प्रकारे होतं. खालून केलं तर कमरेत भूल देऊन भागतं, शरीरावर ताण कमी. पण पुन्हा उतरण्याची शक्यता जास्त. पोटातून केलं तर दुर्बिणीनं आतडं वर ओढून माकडहाडाच्या वरच्या हाडाशी बांधतात. पूर्ण भूल लागते, पण जास्त टिकतं.

"खालूनच करा," दीर म्हणाले. "या वयात पोट कायले फाडता, वहिनी? कुठं जायचं हाये तुमाले?"

"किन्हीराजाले."

"मी तुमच्या भल्याचंच सांगून राह्यलो."

"भाऊजी, आतडं माह्यं बाहेर येते, तुमचं नाही." मग मी डॉक्टरांकडे वळले. "माझं हृदय तपासा. भूल झेपणार असेल तर पोटातून करा."

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून उत्तर दिलं, "बद्धकोष्ठ राहील कदाचित. कुंथायचं नाही."

हृदय ठीक निघालं, ऑपरेशन पोटातून झालं. बद्धकोष्ठ राहिलं, इसबगोल घेते.

भाचीच्या लग्नाला किन्हीराजाला एसटीनं गेले, तेही मागच्या सीटवर बसून. पंगतीत दिरांनी मोठ्या मायेनं विचारलं, "वहिनी, पोट कसं हाये आता?"

"पोट पहिल्यापासूनच बरं होतं, भाऊजी," मी म्हटलं, आणि वाढप्याकडे अजून एक बुंदीचा लाडू मागितला.

हात धुताना पंगतीत शेजारी बसलेली एक अनोळखी बाई जवळ आली. "बाई," ती कुजबुजली, "माह्यंही पोटाचंच हाये."

मी तिला सगळं सांगितलं. अजिबात न कुजबुजता.