जर्सी सिटीतल्या हिवाळ्याचं बिल

जर्सी सिटीपासून तासाभरावरच्या पिस्कॅटवेला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शुभामावशीनं मला बजावलं होतं, "अनया, घर सोडताना शेवटचं बिल भरल्याशिवाय हलायचं नाही. कितीही घाई असू दे."

मावशी मूळची नागपूरची. वीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासतेय. लग्न मोडलं तरी ती परत गेली नाही. बिलाचं प्रकरण तिनं मला एका रविवारी वांगी चिरता चिरता सांगितलं.

२०१७ च्या हिवाळ्यात ती जर्सी सिटीत राहत होती. तिथं तिच्या ओळखीची चारुता आली, कडेवर चार महिन्यांची केया घेऊन. नवऱ्याचं घर सोडून आलेली. रत्नागिरीकडची पोर, थंडीची कसली सवय!

"दिवसभर हीटिंग चालू ठेवायचो गं," मावशी म्हणाली. "बाहेर बर्फ, आणि आत केया नुसत्या झबल्यात गालिच्यावर लोळतेय. मी कामावरून आले की दोन्ही हात वर करायची. आम्ही दोघी मऊ भात खात तिच्याकडे बघत बसायचो. दुसरं काही लागायचंच नाही."

तिची सुरी थांबली होती.

२०१८ च्या मार्चअखेरीस चारुताला टेक्ससमध्ये नोकरी लागली. त्याच महिन्यात मावशी पिस्कॅटवेला आली. हीटिंगच्या गॅसचं शेवटचं बिल, तीनशे बारा डॉलर, जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथंच कुठंतरी पडून राहिलं. दोन वर्षांनी घर घ्यायला म्हणून बँकेत गेली, तेव्हा तिला कळलं की ते वसुलीवाल्यांकडे गेलंय आणि क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे बँका कर्ज देताना बघतात त्या नोंदीत, चढलंय. तिनं त्याच दिवशी पैसे भरले.

"पण नोंद जाईना! वसुलीवाल्यांची बाई फोनवर म्हणाली, भरलं तरी ती राहणार, फक्त 'पेड' असं लिहून. सात वर्षं. बँक म्हणाली, व्याज जास्त पडेल. म्हटलं, घर राहू दे. २०२० मध्ये भरले, म्हणजे २०२७ ला सुटेन."

"चारुताला सांगितलंस?"

"तिला कशाला? ती एकटी पोर वाढवत होती."

मला तो हिशेब पटेना. मी तिचा रिपोर्ट उघडून वाचला, थोडी शोधाशोध केली. "मावशी, सात वर्षं पैसे भरल्यापासून नाही मोजत. बिल पहिल्यांदा थकलं तेव्हापासून मोजतात. म्हणजे २०१८ पासून २०२५ पर्यंत."

"म्हणजे याच वर्षी?" तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आणि मी उगीच दोन वर्षं जास्त धरून बसले होते!"

ऑगस्टमध्ये आम्ही रिपोर्ट पुन्हा काढला. ती ओळ गेली होती. मावशीनं सगळी पानं दोनदा चाळली. जर्सी सिटीचा पत्ता जुन्या पत्त्यांत अजून होता, त्यावर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "खिडकीतून नदी दिसायची इथून, तिरकी."

दिवाळीच्या आधी तिनं दोन खोल्यांचा कॉन्डो, स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, घेतला. वास्तूला टेक्ससहून चारुता आणि केया आल्या. केया आता आठ वर्षांची, लांब पायांची. जेवणं झाल्यावर चारुतानं सहज विचारलं, "शुभाताई, इतकी वर्षं भाड्यानं का राहिलीस गं?"

मावशीनं हसत हसत सगळं सांगून टाकलं.

चारुता हसली नाही. "सात वर्षं? आणि मला एक फोन नाही करावासा वाटला तुला?"

"भरून टाकले होते गं. संपलं होतं."

"तुझं संपलं नव्हतं ना!" चारुता उठली, बाह्या सरसावल्या आणि सिंकमधली पन्नास माणसांची भांडी घासायला लागली. मावशी दोनदा नको म्हणाली. मग तिनं फडका घेतला आणि शेजारी उभी राहून एकेक ताट पुसू लागली.