दादाच्या नावेचा नांगर

माझा मोठा भाऊ आयुष्यभर मालवाहू जहाजांवर होता. शेवटी शेवटी तो चीफ ऑफिसर झाला होता. जहाज बंदराबाहेर उभं करायचं असलं की नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर उभं राहून नांगर सोडून घ्यायचं काम त्याचं. त्या साखळीची एक कडीसुद्धा एकट्या माणसाला उचलत नाही, साखळी सुटली की गंजाचा लाल धुरळा उडतो आणि पायाखालचं लोखंड थरथरतं, एवढं मला त्याच्या बोलण्यातून माहीत होतं. पन्नाशी उलटल्यावर त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात पुरता सावरला नाही. कंपनीने त्याला पुन्हा जहाजावर घेतलं नाही. त्याने लग्न केलेलं नव्हतं. तो नाशिकला माझ्याकडे राहायला आला.

माझा मळा गिरणाऱ्याच्या बाजूला आहे. टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. मळ्याच्या खालच्या बांधापलीकडे धरणाचं पाणी दिसतं. नवरा गेल्यापासून मी एकटीच सगळं बघते, त्यामुळे घरात आणखी एक माणूस आलं तर मला हवंच होतं. पहिले काही महिने दादा ओट्यावर बसून त्या पाण्याकडे बघायचा. मग एक दिवस टेम्पोतून एक शिडाची नाव आली. तीन माणसं जेमतेम बसतील एवढी, फायबरची, कोणीतरी वापरून कंटाळलेली. परवानगीचे सोपस्कार दादाने आधीच करून ठेवले होते. मला काहीच विचारलं नव्हतं.

नावेबरोबर एक छोटा नांगर आला होता, त्याला विटलेला दोर. साखळी नव्हती. पहिल्यांदा दोघं गेलो तेव्हा एका कोपऱ्यात नांगर टाकून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. जेवण होईतो वारा वाढला. समोरचा काठ हळूहळू सरकतोय असं मला वाटलं. मी म्हटलं, "दादा, आपण हलतोय का?"

त्याने वळून बघितलं आणि डबा बाजूला ठेवला. नांगर तळाच्या गाळावरून घसरत होता. शीड वर घ्यायला वेळ मिळाला नाही. पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळींच्या खुंटांवर नाव जाऊन टेकली. मोडलं काही नाही, सुकाणू खरचटलं. रात्रीचं ताट पुढे आल्यावर दादा म्हणाला, "साखळी पाहिजे. नुसता दोर नांगराला वर ओढतो. साखळी तळाशी पडून राहते, म्हणून नांगर आडवा राहतो. आडवा असला तरच रुततो."

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात गेलो. जुन्या नाशकात साखळ्या आणि दोरखंडांचं एक दुकान आहे. दुकानदार गल्ल्यावर बसून चहा पीत होता.

"नांगराला साखळी हवी," दादा म्हणाला.

"ट्रॅक्टरचा, का बैलाचा?"

"नावेचा."

दुकानदाराने कप खाली ठेवला. "नावेला नांगर कशाला लागतो?" त्याने अगदी मनापासून विचारलं. दादाने त्याला सगळं समजावून सांगितलं. गाळ, वारा, नांगराचे फाळ. दुकानदार मान डोलावत ऐकत होता. मग त्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळ्या काढून फळीवर मांडल्या. बारीक, मध्यम, जाड. दादाने बारीक साखळीकडे बघितलंही नाही. जाड साखळीच्या कड्या अंगठ्याने चाचपल्या आणि म्हणाला, "ही. वजनदार असली की काळजी नाही."

"उचलून बघा," दुकानदार म्हणाला.

दादाने दोन्ही हातांनी उचलली. छातीपर्यंत आणली. मग डाव्या हाताची बोटं उघडली गेली. साखळी एका बाजूने घसरली आणि खळखळत फरशीवर उतरली. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. मी वाकले नाही. वाकले असते तर त्याला आवडलं नसतं. तो म्हणाला, "बांधून द्या."

ती साखळी आम्ही नाळेजवळच्या कप्प्यात ठेवली. नाव पुढून खाली वाकली. मागून कोणी तिची शेपटी उचलून धरल्यासारखी दिसत होती. वळताना जड झाली, लहान लाटेलाही पुढून पाणी आत घ्यायला लागली. नांगर मात्र धरून राहिला, अगदी घट्ट. परत निघायच्या वेळी दादा नाळेवर गुडघे टेकून ओढायला लागला. हातभर साखळी वर यायची आणि दम घेताना परत निसटायची. त्याचा सदरा पाठीला चिकटला. मी पुढे गेले, साखळी धरली आणि ओढायला लागले. मळ्यात क्रेट उचलून माझे हात तयार आहेत, नांगर वर आला.

"ठेव," तो म्हणाला.

"आला वर, दादा."

"तू ओढावीस म्हणून नाव घेतली नाही मी."

"मग कशाला घेतली?"

त्याने शीड चढवलं. काठाला लागल्यावर मी दोन्ही हातांचा चिखल धूत होते, तेव्हा तो मागून म्हणाला, "मला एकट्याला जाता यायला हवं. नाहीतर ओट्यावर बसणं काय वाईट आहे?"

मी हात धूत राहिले.

ती जाड साखळी आता आमच्या मळ्याच्या फाटकाला आहे. काही दिवसांनी दादाच म्हणाला, "चल, दुकानात." या वेळी त्याने मध्यम साखळी घेतली, साधारण नावेच्या लांबीइतकी. "बाकी दोर," तो म्हणाला. "साखळी नांगर आडवा ठेवेल, दोर झटके सोसेल." दुकानदाराने पिवळा प्लास्टिकचा दोर पुढे केला, कांद्याच्या ट्रकवर ताडपत्री आवळतात तो. दादाने नको म्हटलं. तो पाण्यावर तरंगतो, सुकाणूत अडकतो. पांढऱ्या नायलॉनच्या दोरात दोन जाडी होत्या. त्याने दोन्ही डाव्या हातात धरून बघितल्या.

"बारीक पण दमदार आहे, नावेचा भार सहज झेलेल," दुकानदार म्हणाला.

"नावेचा झेलेल. माझ्या हातात राहत नाही." त्याने जाड दोर घेतला. हे बोलताना त्याचा आवाज बदलला नाही. दुकानात ज्या सुरात इतर गोष्टी सांगितल्या त्याच सुरात त्याने हेही सांगितलं.

आता ते सगळं ठेवायचं कसं, यावर घरी दोन दिवस वाद झाला. दादाला दोराचं नीट गोल वेटोळं हवं होतं. जहाजावर तशीच शिस्त. पण एका चांगल्या आणि एका अर्ध्या हाताने वेटोळं नीट होईना. दोराला पीळ पडायचा आणि सोडताना मधेच गाठ बसायची. पडवीत टोमॅटोचे रिकामे क्रेट रचून ठेवलेले होते. मी एक ओढला. "यात टाक. गुंडाळू नकोस, येईल तसा पडू दे."

"गुंता होईल."

"करून तर बघ."

त्याने दोराचं शेवटचं टोक आधी अंगणात आणून ठेवलेल्या नावेच्या डोलकाठीच्या बुडाशी बांधलं, म्हणजे घाईत सगळा दोर पाण्यात जायला नको. मग दोर क्रेटमध्ये सोडत गेला, हातावर हात, जसा पडेल तसा. त्यावर साखळी, सगळ्यात वर नांगर. क्रेट नाळेत न ठेवता नावेच्या मध्यावर बांधला. त्याच्या भोकांतून पाणी निथळून जाणार होतं. मग त्याने नांगर उचलून अंगणात फेकला. साखळी गेली, मागोमाग दोर गेला, सरळ. दादाने पुन्हा भरला, पुन्हा फेकला. तिसऱ्यांदा फेकल्यावर तो मोठ्याने हसला. आल्यापासून पहिल्यांदाच मी त्याचं हसू ऐकलं.

चैत्रातल्या एका दुपारी तो एकटा गेला. मी बांधावर उभी होते, मोटर दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाची वाट बघत. अंजनेरीच्या डोंगराच्या बाजूने वावटळीसारखा वारा आला. धूळ आधी, मग पाण्यावर काळा पट्टा. शीड खाली येईना, दोरी कुठेतरी अडकली असावी. नाव आडवी होऊन त्याच बाभळींच्या दिशेला जायला लागली. माझ्याजवळ फोन होता, पण कोणाला लावणार? मी फक्त बघत राहिले.

त्याने शिडाचा नाद सोडला. क्रेटमधून नांगर उचलला, नाळेपर्यंत गुडघ्यांवर गेला आणि एका हाताने सोडला. दोर पळत गेला. नाव थोडी आणखी वाहिली, मग तिचं तोंड एकदम वाऱ्याकडे वळलं आणि ती थांबली. शीड फडफडत होतं, नाव मात्र जागची हलत नव्हती. दादा नावेच्या तळाशी बसला. त्याने मला हात वगैरे काही केला नाही.

वारा पडायला बराच वेळ लागला. मग त्याने नांगर ओढायला घेतला. उजव्या हाताने दोर ओढायचा, नाळेवरच्या खुंटीला वळसा मारायचा, दम घ्यायचा. डाव्या हाताने फक्त वळसा धरून ठेवायचा. मोटरवाला येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. "मदतीला कोणाला पाठवू का, ताई?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "येईल तो."

तो आला. कोपरापर्यंत चिखल, चेहरा उन्हाने लाल. नाव काठाला बांधून तो दगडावर बसला आणि बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मी विचारलं, "घाबरलास?"

"शीड अडकलं तेव्हा घाबरलो होतो," तो म्हणाला. "नांगर रुतल्यावर नाही. मग भूक लागली."

घरी सकाळची पोळी आणि वांग्याची भाजी होती. ती गरम करायलाही तो थांबला नाही.