दुसरा सदरा

“अरे, नवा सदरा कुठंय?” चर्चच्या दारात त्याची बहीण अशी ओरडली की उमेळे गावातल्या केळींनी माना टाकल्या, शपथ! आत तिच्या मुलीचं लग्न लागायचं होतं आणि हा एकुलता मामा नेहमीचाच भोकांचा सदरा घालून आलेला. त्या भोकांतून मी एकदा वसईचा किल्ला पाहिलाय. केळीची वाडी चुलतभावांना देऊन हा स्वखुशीनं झोपडीत राहायचा. दोन सदरे असतील तर एक द्यावा, एवढाच धर्म त्याला ठाऊक. बहिणीनं शिवून दिलेला नवा त्यानं वाटेतच एका मजुराला दिला होता.

“मेल्या, मग जुना द्यायचास! पोरीच्या सासरच्यांना काय तोंड दाखवू?”

त्यानं एका भोकात बोट घालून पाहिलं.

“असला फाटका कुनाला कसा देऊ?”