भाड्याने दिलेलं खातं

आमच्या शाळेची मांजरीकडची बस चालवणारे काका लोणी काळभोरचे. मी तिसरीला शिकवते आणि मांजरीतच राहते, त्यामुळे मुलांबरोबर त्याच बसने जाते-येते. शिक्षिकेची जागा ड्रायव्हरच्या बरोबर मागे. इतकी वर्षं एखाद्याच्या मागे बसलं की आज स्वारी खुशीत आहे की नाही, हे त्याच्या मानेवरून कळायला लागतं. वयाने ते माझ्याहून लहानच असतील, पण मुलं काका म्हणायची म्हणून आम्हीही काकाच म्हणायचो.

माणूस शिस्तीचा. गाडी चालवताना त्यांनी कधी फोन उचललेला मी पाहिला नाही. सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो आणि मागचे हॉर्न वाजवून जीव खाऊ लागले, तरी हे शांत. मी उशीर होतोय म्हटलं की म्हणायचे, ‘‘बाई, मागं एवढी पोरं हायत. शाळा काय पळून जात न्हाई.’’

मुलांना चढवायला-उतरवायला बसमध्ये एक मावशी होत्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. हडपसरला पत्र्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. घट्ट बसलेलं डब्याचं झाकण उघडून देण्यापासून कुणाची उलटी पुसण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या, आणि कपाळावर आठी न घालता करायच्या. काका आणि मावशी शाळेचे नोकर नव्हते, बसच्या ठेकेदाराचे होते. मे महिन्यात शाळा बंद म्हणजे त्यांचा पगारही बंद.

काकांच्या मनात एक सल होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. त्यांच्या आळीतल्या बऱ्याच जणांच्या जमिनींवर प्लॉट पडले, इमारती उठल्या. काकांच्या वडिलांनी मात्र आपली जमीन फार आधी, भाव नसतानाच विकून टाकली होती. राहिली ती घराखालची आणि घरामागची थोडी मोकळी जागा. ‘‘माझ्यासंगं दहावीला नापास झालेला माणूस दारात दोन गाड्या लावून बसलाय,’’ ते एकदा म्हणाले. ‘‘दिवसभर करतो काय, तर मोबाइल बघतो. आन् मी पाचला उठून बस धुतोय.’’ बोलण्यात चीड नव्हती. आज ऊन आहे असं सांगावं, तसं सांगितलं.

एका मे महिन्यात त्यांना खराडीच्या एका तरुणाची गाडी चालवण्याचं काम मिळालं. तरुण गोड बोलायचा, काकांना ‘दादा’ म्हणायचा, जेवायला शेजारी बसवायचा. धंदा काय, तर ऑनलाइन काहीतरी. महिना संपता संपता त्याने काकांना सांगितलं की धंद्याला बँकखाती कमी पडतात. तुमच्या नावावर एक खातं उघडा, त्याचं कार्ड आणि सिम माझ्याकडे द्या, दर महिन्याला तुम्हाला घरबसल्या पैसे मिळतील.

हे सगळं काकांनीच मला जूनमध्ये सांगितलं, ट्रॅफिकमध्ये बस उभी असताना, अगदी उत्साहाने.

‘‘पण काका, त्या खात्यात पैसे येतात कुणाचे?’’

‘‘धंद्याचे. टॅक्स वाचवायला करत्यात म्हणे. आपण खोली भाड्यानं देतो का न्हाई? भाडेकरू आत काय शिजवतो, ते कुठं बघत बसतो? तसंच हे.’’

‘‘भाडेकरूने आत काही उद्योग केले तर पोलीस आधी घरमालकालाच उठवतात,’’ मी म्हटलं.

ते हसले. ‘‘तुम्ही मास्तरीण लोक लई भ्या दाखवता. तुम्हाला पण पाहिजे असलं तर सांगा.’’

‘‘माझ्या खात्यात माझाच पगार टिकत नाही. दुसऱ्याचा कुठे ठेवू?’’

विषय तिथेच संपला. मी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या.

पैसे मात्र खरोखरच येऊ लागले. गणपतीत काकांच्या घरी नवा सोफा आला. बायकोच्या कानात सोन्याची फुलं आली. मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात घातलं. काकांची मान पूर्वीपेक्षा ताठ दिसायची, आणि आता ते सिग्नलला थांबल्यावर फोन काढून बघायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, ‘‘मेसेज येतोय का बघतोय फक्त.’’

मावशींनीही खातं दिलंय, हे मला माहीत नव्हतं. ते कळलं दिवाळीनंतर. एका सकाळी मावशी बसमध्ये चढल्या त्या रडवेल्या होऊन. एटीएममधून पगार निघत नव्हता. बँकेत विचारलं तर साहेब म्हणाले, तुमच्या दुसऱ्या खात्यावर पोलिसांकडून तक्रार आली आहे, म्हणून दोन्ही खाती गोठवली आहेत.

‘‘दुसरं कुठलं खातं, मावशी?’’

त्यांनी काकांकडे बघितलं. काका आरशात न बघता म्हणाले, ‘‘सर्व्हर डाउन असंल. होईल दोन दिवसांत.’’

दोन दिवसांत काही झालं नाही. तरुणाचा फोन बंद लागायला लागला. शाळा सुटल्यावर काका खराडीला जाऊन आले, तर फ्लॅट रिकामा. वॉचमनने सांगितलं, सामान गेलं, कुठे गेलं माहीत नाही. त्यानंतर काका बसमध्ये काही बोलेनात. मुलांनी दंगा केला तरी गप्प.

पोलीस आले ते दुपारी, शाळा सुटायच्या वेळी. साध्या कपड्यांतली दोन माणसं बसपाशी उभी होती. मुलं रांगेने चढायला लागली होती. काका खाली उतरले आणि हात जोडून म्हणाले, ‘‘साहेब, एवढी पोरं घरी सोडून येतो. मग कुठं म्हणाल तिथं येतो. पळून जाणारा माणूस न्हाई मी.’’

त्यातला एक जण सभ्यपणे म्हणाला, ‘‘तुमच्या हातात आता मुलांची गाडी देता येणार नाही.’’

मला वाटतं, काकांना त्या वाक्याचा धक्का अटकेपेक्षा मोठा बसला. त्यांनी खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि त्यांच्याबरोबर गेले. मुलांना परत वर्गात बसवलं. ठेकेदाराने दुसरा ड्रायव्हर पाठवेपर्यंत अंधारून आलं. सगळे विचारत होते काका कुठे गेले. काम निघालं, असं मी सांगत राहिले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्यातल्याच एका निवृत्त गृहस्थांना शेअर बाजारात दुप्पट नफ्याचं आमिष दाखवून लुबाडलं होतं. त्यांनी भरलेले पैसे काकांच्या खात्यात आले, तिथून मावशींच्या खात्यात आणि तिथून कुठल्या कुठे. पोलिसांच्या हाती नाव-पत्ता असलेली माणसं लागली ती एवढीच. मावशींना त्यांनी साक्षीदार केलं. ठेकेदाराने दोघांनाही काढलं. आमच्या मुख्याध्यापिका तशा कडक, पण त्यांनी मावशींना शाळेतच सफाईच्या कामावर घेतलं आणि त्यावर कुणाशी चर्चा केली नाही.

काका येरवड्यात होते. त्यांची बायको शाळेत आली आणि मला म्हणाली, ‘‘बाई, माझ्यासंगं चला. तिथं काय बोलायचं, कुणाला काय विचारायचं, मला कळत न्हाई.’’ मी गेले. काचेपलीकडे काका आले, अलीकडे आम्ही, बोलायचं फोनवरून. दाढी वाढली होती. बायको वकिलाचं, घराचं, मुलीचं बोलली. मग तिने फोन माझ्याकडे दिला.

‘‘बाई, मी कुणाला लुबाडलं न्हाई. त्या माणसाचं तोंडसुद्धा मी बघितलं न्हाई.’’

‘‘ते मला पटतंय,’’ मी म्हटलं. ‘‘पण मावशींना कशाला ओढलंत?’’

फोन बंद पडला असं वाटून मी तो कानावरून काढला, परत लावला.

‘‘त्यांच्या खोलीचं छत गळत होतं,’’ ते म्हणाले. मग काचेवर हात ठेवून म्हणाले, ‘‘न्हाई बाई, तसं न्हाई. माणूस आणला की वेगळे पैसे होते. म्हणून.’’

बायको शेजारी उभी होती, पण तिला ते ऐकू गेलं नाही. बाहेर आल्यावर तिने विचारलं, ‘‘काय म्हणाले?’’ मी सांगितलं, ‘‘मावशींबद्दल वाईट वाटतंय म्हणाले.’’ तेवढं तिला पुरलं.

जामीन मिळायला पावसाळा उजाडला. वकिलासाठी घरामागची मोकळी जागा गेली, कानातली फुलं त्याआधीच गेली होती. मुलीने कॉलेज सोडून एका दवाखान्यात नोकरी धरली. काकांना पुन्हा बसवर कोण घेणार? प्रत्येक ठिकाणी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागतात. सध्या ते मांजरीतल्या नव्या सोसायट्यांना पाणी पुरवणारा टँकर चालवतात. मजुरी रोख घ्यावी लागते, कारण त्यांची सगळी खाती गोठलेली आहेत. आमच्या सोसायटीत टँकर आला की मी खाली जाऊन बोलते. ते पाइप जोडता जोडता मुलांची चौकशी करतात. ‘‘तो खिडकीपाशी झोपायचा, तो आता कितवीला?’’

गेल्या महिन्यात मावशींना शिवाजीनगर कोर्टात साक्षीला बोलावलं होतं. मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. व्हरांड्यातल्या बाकावर एक वयस्क गृहस्थ कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. दूर टोकाला काका भिंतीला टेकून उभे होते, ते आमच्याकडे आले नाहीत.

गृहस्थांनी मावशींना विचारलं, ‘‘शेअरच्या नावाखाली मला लुबाडलं, पैसे कुणा बसड्रायव्हरच्या खात्यात गेले, त्याची साक्ष आहे. आपण कशासाठी आलात?’’

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचे पैसे माझ्या खात्यातून गेले.’’

गृहस्थ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तुम्हालाही फसवलंच की.’’

‘‘फसवलं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पण आधीचे काही महिने मला पैसे आले. त्यातून मी नवे पत्रे टाकले. कुणाचे आहेत म्हणून विचारलं नाही.’’

‘‘मीही विचारलं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘इतका नफा येतो तरी कुठून, असं बायको विचारत होती. मी तिला गप्प बसवलं.’’

मावशींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली. तेवढ्यात शिपायाने दारातून आमच्या खटल्याचा पुकारा केला, तसे आम्ही तिघेही उठलो. काकाही भिंत सोडून पुढे आले, आणि दारापाशी थांबून त्यांनी आधी त्या दोघांना आत जाऊ दिलं.