पितळी परातींचा खोका पलीकडून पडला

निवृत्तीला काही वर्षे झाली, पण भंडाऱ्याजवळच्या त्या गोदामाची घटना मला आजही जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत असतानाच सामान्य रुग्णालयातून सूचना आली, की अड्याळकडची एक बाई डोक्याला आणि खांद्याला मार लागून बेशुद्धावस्थेत दाखल झाली आहे.

ही बाई जवाहरनगरच्या रस्त्यावरील भांड्यांच्या गोदामात पॅकिंगचे काम करायची. उंच लोखंडी रॅकवरून पितळी परातींचा खोका तिच्या अंगावर पडला होता. दुपारी तिचा भाऊ ठाण्यात आला. त्याने गोदामातल्या एका हमालाविरुद्ध फिर्याद दिली.

"काल त्यानं माह्या बहिणीले धमकी देली होती जी. पाहून घेतो तुले, म्हणे."

भांडण खरे होते. हमाल तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन पॅकिंगच्या जागेजवळ थुंकायचा, बाईने त्याला चारचौघांत झापले होते. मी हमालाला बोलावले आणि दोन तास समोर उभे ठेवले. चार वेळा तोच प्रश्न विचारला, चारही वेळा तेच उत्तर आले.

"मी चाय पिऊन राहिलो होतो साहेब. गेटापाशी."

खोटे बोलणारा माणूस दर वेळी काहीतरी भर घालतो, असा माझा अनुभव. हा एक शब्दही वाढवत नव्हता. तरीही मला तो निगरगट्ट वाटला. आपल्याला हवे ते उत्तर मिळाले नाही की समोरचा निगरगट्ट वाटतो, हे मी नोकरीत फार उशिरा शिकलो.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधलीच एक वयस्कर बाई ठाण्याबाहेर घुटमळताना हवालदाराला दिसली. आत बोलावल्यावर ती म्हणाली, "साहेब, तो पोरगा नाही जी. तो खरंच गेटापाशी होता. मीच त्याले चाय देली."

"मग काल जबाबात काहून नाही सांगितलं?"

"मॅनेजर साहेब बाजूलेच उभे होते न जी."

चूक माझीच होती. साक्षीदारांचे जबाब मी मॅनेजरच्या खोलीत घेतले होते.

आता मला कोडे पडले. हमालाने पाडला नाही, तर खोका पडला कसा? मी पंचांना घेऊन पुन्हा गोदामात गेलो. तो शेवटचा रॅक होता. त्याच्या एका बाजूच्या गल्लीतून फोर्कलिफ्टने, म्हणजे माल उचलणाऱ्या गाडीने, माल चढवत. मागच्या बाजूला बायांची जायची-यायची वाट होती. मागून कधीच माल ठेवत नसत की काढत नसत. खोका पडला तो नेमका त्या मागच्या बाजूला. शिडी लावून वर पाहिले. खालच्या आडव्या पट्ट्यांवर धुळीचा थर अखंड होता, म्हणजे कोणी चढले नव्हते. सर्वांत वरच्या पट्टीवरची धूळ मात्र आतून बाहेर पुसली गेली होती.

फोर्कलिफ्ट चालवणारा चाळिशीचा, अबोल माणूस होता.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"इकडच्या गल्लीत, माल चढवून राहिलो होतो. पलीकडं काही पडल्याचा आवाज आला. मले वाटलं, कोणाच्या हातून सुटलं."

"तेव्हा चढवलात तसाच आता पुन्हा चढवा."

मागची वाट रिकामी करून दोन्ही टोकांना शिपाई उभे केले. वरच्या कप्प्यात रिकामे खोके रचले. त्याने पॅलेटवर, म्हणजे लाकडी तळफळीवर, रचलेला माल वर नेला आणि आत सरकवला. पॅलेट वीतभर जास्त आत गेले. मी मागच्या वाटेच्या टोकाला उभा होतो. मागचे खोके हलले, त्यातला एक कडेवर डोलला आणि खाली पडला. फोर्कलिफ्टवरून त्याला काहीच दिसले नव्हते. मी त्याला मागच्या बाजूला नेले. खाली पडलेला खोका पाहून त्याने मान वर करून रॅककडे पाहिले.

"म्हणजे... माह्याच हातून पडलं जी?"

पण माझी नजर रॅकच्या उभ्या खांबांवर होती. त्यांना ओळीने भोके होती आणि आतले आटे चकचकीत होते. तिथून काहीतरी नुकतेच काढलेले होते. विचारल्यावर फोर्कलिफ्टवालाच बोलला.

"मागून जाळी होती साहेब. नवीन पॅलेट मोठे आले, ते जाळीले अडकत होते. मॅनेजर साहेब म्हणे, काढून टाका."

जाळी गोदामामागे सापडली. बागेतल्या झाडांभोवती तिचे कुंपण केले होते.

मॅनेजरला मी ठाण्यात, एकट्याला बसवले. तो तासभर टाळत राहिला. शेवटी म्हणाला, "आजवर कधी काही पडलंच नव्हतं हो साहेब."

"जाळी होती म्हणून पडलं नव्हतं," मी म्हणालो.

निष्काळजीपणाचा गुन्हा मॅनेजर आणि मालकावर नोंदवला. कामगार सुरक्षेच्या कार्यालयाला अहवाल पाठवला. जाळ्या पुन्हा बसल्या, पॅलेट जास्त आत जाऊ नये म्हणून रॅकवर अडसर लागले आणि माल चढताना मागची वाट साखळीने बंद होऊ लागली.

बाई आठवड्याने बोलू लागली. तिचा जबाब घ्यायला मी गेलो, तेव्हा हमाल तिच्या खाटेजवळ उभा होता.

"मलेही वाटलं, तूच पाडलं असशील," ती त्याला म्हणाली.

"सगळ्याइलेच वाटलं," तो म्हणाला आणि माझ्याकडे न पाहता बाहेर गेला.

मी त्याच्या मागे व्हरांड्यात गेलो. सदतीस वर्षांच्या नोकरीत आरोपीची माफी मागायची वेळ माझ्यावर एकदाच आली. त्या दिवशी मागितली. त्याने फक्त मान हलवली.

त्या बाईचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. तिला कोणी मारायला निघाले नव्हते. सगळे आपापले काम करत होते. मी मात्र दोन दिवस वैरी शोधत बसलो. त्यानंतर कुठल्याही अपघातात कोणी केले हे विचारण्याआधी, तिथे काय असायला हवे होते आणि ते कोणी काढले, हे मी विचारू लागलो. बहुतेक वेळा उत्तर देणारा माणूस तिथेच उभा असतो. त्याला कोणी विचारलेले नसते, एवढेच.