बाई पोरींना करणी शिकवतात

गणिताच्या बाईला किस्से जमवावे लागत नाहीत, तेच वर्गात येऊन बसतात. मी तासगावात नववीच्या मुलींना शिकवते. ज्या संख्येचं वर्गमूळ पुरतं निघत नाही, त्या वर्गमुळाला पुस्तकात म्हणतात ‘करणी’! हा शब्द ज्यानं निवडला त्याला एकदा आमच्याकडं आणून सोडायला हवं.

एकदा सारिकाचे वडील तडक वर्गाच्या दारात. फळ्यावर लिहिलेलं, ‘करणीचा गुणाकार’.

“बाई, एक करणी निस्तरताना मानूस टेकीला येतो, आन् तुमी गुणाकार शिकवताय व्हय?”

मी √३ × √३ = ३ लिहून दाखवलं. “हे बघा दादा, करणीला त्याच करणीनं गुणलं की करणी उतरते!”

ते आणखीच घाबरले. जाताना म्हणाले, “शिकवा काय ते. नववी झाली की पोरगी उजवायचीच हाय.”

माझं डोकंच फिरलं. “सारिका दहावीला बसणार,” मी म्हटलं. कायदाही ऐकवला. “आमचं आमी बघू,” म्हणून ते गेले.

मग हेडसरांनी बोलावलं. “बाई, वाद कशाला? इंग्रजीत ‘सर्ड’ म्हणा ना.”

म्हटलं. मुली कोरसमध्ये ‘सर्ड, सर्ड’ ओरडल्या आणि शिपाईमामा काठी घेऊन आत! “कुटं हाय सरडा?”

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पुन्हा ‘करणी’च लिहिलं, दुप्पट मोठ्या अक्षरात.

पुढचा धडा सजातीय करणींचा. √२ मध्ये √३ मिळवून एक करणी होत नाही, बेरजेला सजातीयच लागते. गुणाकाराला मात्र कुणीही चालतं, √२ × √३ = √६.

सारिकानं शेजारच्या नसीमाच्या खांद्यावर हात टाकला. “बाई, आमी दोघी गुणाकारातल्या!”

अख्खा वर्ग हसला. मीही हसले. ही पोरगी मला दहावीत हवी होती.

आणि परीक्षेच्या आधीच तिला बघायला पाहुणे आले. नसीमा मदतीला गेली होती, तिनंच हसत हसत सांगितलं. पोह्याच्या बशा फिरल्या. मुलाच्या आईनं विचारलं, “काय काय येतंय गं तुला?”

“करणी येती,” सारिका म्हणाली.

मुलाच्या आईचा चमचा तोंडाशीच थांबला. “कुणी शिकवली?”

“शाळंत, बाईंनी. आमच्या वर्गात समद्या पोरींना येती.”

आई उठली, मुलगा उठला, मध्यस्थ तर आधीच चपला शोधत होता.

“आवं, बसा की!” सारिका म्हणाली. “लगीच करून दावते!”